लिंबापासची खानावळ

त्या दिवशी सोलापुरात ऊन पडलं होतं म्हणण्यापेक्षा ऊन बसलं होतं म्हणावं. वैशाखातला दिवस. वारा नाही. सकाळच्या पारीच फुफाटा पायाला चटके देत होता, आणि गिरणीच्या धुराड्यातला धूरसुद्धा वर जायचे कष्ट न घेता तिथल्या तिथं लोळत होता.

उनाचं आधी सांगून ठेवतो. पुढं जो गाढवपणा मी केला, त्याचा थोडा दोष उनावर टाकता आला तर बघावं म्हणून. मागं एकदा टाकून बघितलाय. कुणी ऐकून घेत नाही.

मी मोडनिंबाकडचा. माझा चुलतभाऊ नामा सोलापुरात गिरणीत कामाला. त्याला भेटायला म्हणून पहाटेच्या गाडीनं गेलो, तर तो पाळीवर निघालेला. बायको माहेरी, घराला कुलूप.

"तात्या, सांच्याला भोंगा झाला की आलोच," नामा म्हणाला. "तवर गाव बघ. जेवायला पल्याडच्या गल्लीत खानावळ हाय. लिंबाच्या झाडापासचं घर. दारात माणसं दिसतील. पाटी बी लावलीया, पर पाटीचा तुला काय उपेग?"

खरं होतं. त्या वेळी अक्षराची आणि माझी ओळख नव्हती. आताही फार जवळीक नाही.

नामा गेला आणि मी एकटा राहिलो. सांगू का, मोठ्या गावात एकट्यानं हिंडण्यासारखं सुख नाही. आमच्या गावात घरातून विहिरीपर्यंत जायचं तर अकरा जण विचारतात, "तात्या, कुटं?" बादली हातात असते, तरी विचारतात. सोलापुरात शंभर माणसं अंगावरून गेली, एकानं विचारलं नाही. मला तर इतकं हलकं वाटलं की मीच स्वतःला विचारलं, तात्या, कुटं? आणि उत्तर दिलं नाही.

सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलो. माशांना चुरमुरे टाकले आणि पायरीवर बसून मासे बघितले. संगं कुणी असतं तर म्हणालं असतं, मासं काय बघायचं, चला की. मी चुरमुरे संपले तरी बघत होतो. मासेच कंटाळून गेले.

मग चहा प्यालो. बशीतून एक प्यालो, आणि बास म्हणणारं कुणी नव्हतं म्हणून आणखी एक. मग न्हाव्याकडं गेलो. त्यानं तोंडाला एवढा फेस लावला की आरशात मी मेंढरासारखा दिसायला लागलो. दाढी झाल्यावर तो म्हणाला, "मामा, मिशीचं काय करू?" आमच्या घरी माझ्या मिशीचं काय करायचं ते बायको ठरवते. म्हटलं, आज आपण ठरवावं. "पीळ दे," म्हणालो. त्यानं दोन्ही टोकं अशी वर उभी केली की मला माझंच भ्या वाटलं.

किल्ल्याच्या भिंतीच्या सावलीत जरा लवंडलो. उठलो तो भूक लागलेली.

पल्याडची गल्ली सापडली. लिंबाचं झाड सापडलं. दारात चारपाच माणसं उभी. पाटी काही दिसली नाही, पण दिसून मी काय करणार होतो? दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. ते आमच्याकडं सणाला बांधतात. म्हटलं, शहर आहे, इथं रोजच सण.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. खानावळ आणखी एक गल्ली पुढं होती. तिथंही लिंबच होता. सोलापुरात लिंबाचं झाड काय एकच असतं होय?

हे घर होतं एका कापडवाल्याचं. त्याच्या थोरल्या पोरीची त्या दिवशी सुपारी फुटायची होती. मुलाकडची माणसं करमाळ्याकडनं यायची होती, आणि त्यांच्यात मुलाचा मामा होता. मुलाच्या घरी मामाच्या शब्दापुढं कुणाचा शब्द चालत नव्हता. ह्या मामाला कापडवाल्याच्या घरात कुणी बघितलेलं नव्हतं, नुसतं ऐकलेलं होतं. ऐकलेलं असं, की माणूस लई कडक, दोन सोयरिकी त्यानं भरल्या ताटावरनं उठून मोडलेल्या. ही तिसरी मोडली तर पोरीला दुसरं स्थळ येणं अवघड. पाठीवर आणखी दोघी.

हे मला सगळं नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की खानावळीचा मालक स्वतः दारात हात जोडून उभा आहे.

"या मामा, या. वाटच बघत व्हतो."

आमच्या मुलखात कुणालाही मामा म्हणतात. न्हावी म्हणाला, टांगेवाला म्हणाला, हाही म्हणाला. मी कशाला चमकू?

"गाडीनं आला का?"

"व्हय. सकाळच्याच."

"आन् बाकीची मंडळी?"

"बाकीची कोन? मी एकटाच हाय. एकट्यानं बघितलं म्हंजे नीट बघून व्हतं. चार माणसं संगं असली की कोन हिकडं वढतंय, कोन तिकडं."

मी आपला शहराबद्दल बोलत होतो. मालकाचा चेहरा मात्र उतरला.

"म्हंजे आधी तुमी एकटंच बघनार?"

"बघितलं की बरंच. सकाळपासनं हिंडतोय. चार ठिकाणी इचारलं बी."

चार ठिकाणी मी तळ्याची वाट विचारली होती. पण ज्याच्या घरी पोरगी आहे त्याला चौकशी म्हटलं की एकच कळतं. मालकानं घाईघाईनं मला आत घेतलं. पाय धुवायला पाणी, पुसायला पंचा, बसायला पाट, ताटाभोवती रांगोळी. एक जण मागं उभा राहून पंख्यानं वारा घालू लागला. आमच्या गावचा दुकानदार गूळ देताना मान वर करत नाही. म्हटलं, धंदा करावा तर सोलापूरकरानं.

ताट आलं. भाकरी, भाजी, शेंगाची चटणी, आमटी. मी आमटीचा भुरका मारला आणि खानावळीत कुणीही म्हणेल तसं म्हणालो, "आमटीला मीठ कमी हाय वो."

पंखा थांबला. दाराआड भांडं पडलं.

"मामा," मालक म्हणाला, "उटू नका."

"मी कशाला उटतोय? अजून हुग्गी यायचीया." गव्हाच्या खिरीचा, म्हणजे हुग्गीचा वास मला केव्हाच आला होता.

आत पळापळ झाली. आमटीचं पातेलं परत चुलीवर चढलं. तेवढ्यात एक पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. नवं लुगडं, खाली मान, बारीक हात, पाय अनवाणी. मला तिची कीव आली. एवढ्या माणसांची खानावळ आणि पाणी आणायला ही एकटी.

"नाव काय, बाई?"

"काशी."

"आमटी तू केलीस व्हय?"

"व्हय."

"हितं किती दिस हायस?"

तिनं मान वर करून बघितलं. "जन्मापासनं."

"आन् कुटं जायाचा इचार न्हाय व्हय?"

पोरगी तोंडाला पदर लावून आत पळाली. दाराआड बायका खुदखुदल्या. मी म्हटलं, गरिबाची थट्टा करतात मेल्या.

गुमान जेवून उठलो असतो तर काय बिघडलं असतं? पण माझा स्वभाव असा, की घरी माझं कुणी ऐकत नाही, म्हणून परक्याला सांगायची हौस फार. मालक समोर बसला होता. त्याला म्हटलं, "मालक, पोरीला काय देता?"

तो घाईनं म्हणाला, "मामा, जेवान तरी होऊ द्या."

"जेवता जेवता बोललं म्हणून काय बिगडतं? सांगा की."

"दोन लुगडी म्हणत व्हतो. आन् पायात चांदीचं."

सालाच्या बोलीवर कामाला ठेवलेल्या पोरीला चांदी. शहर ते शहर. पण तिचे हात माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

"दोन लुगड्यांत वरीस कसं निघंल तिचं? चार करा."

"चार," मालक म्हणाला.

"आन् दिवाळीला?"

"दिवाळसण तर आलाच, मामा."

"पायतान? ह्या उनात अनवाणी हिंडतीया पोर."

कोपऱ्यात मालकाचा भाऊ बसला होता. तो म्हणाला, "दादा, पायतान कुनी मागितल्यालं म्या तर ऐकलं न्हाय."

"तू गप. देऊ की मामा, पायतान देऊ."

"आन् वर्सातनं म्हयनाभर तिला आईकडं धाडायचं. आई कुटं असती तिची?"

"हितंच," मालक गोंधळून म्हणाला.

"ती बी हितंच राबती?"

"व्हय."

"मग तिला बी दोन लुगडी द्या."

दाराआड कुणाला तरी जोराचा ठसका लागला. भाऊ म्हणाला, "ही सोयरीक लई न्यारी हाय."

सोयरीक हा शब्द माझ्या कानावर पडला. नाही म्हणत नाही. पण त्याच वेळी हुग्गी आली, वर तूप. माणसाचं एका वेळी एकाच गोष्टीवर ध्यान राहतं.

हुग्गी संपवली, हात धुतला आणि कमरेची चंची काढली. "आता माझं किती झालं त्ये सांगा."

"तुमाला पागोटं देऊ मामा. धोतरजोडी देऊ."

जेवायचं आपण आणि पागोटंही आपल्यालाच? आता मात्र माझा हात चंचीतच राहिला. मालक पुढं सरकला आणि त्यानं चक्क माझ्या पायाला हात लावला.

"तुमी सांगितलं तेवढं सगळं देतो, मामा. कुटनं बी आणतो. पर पोरगी तेवढी पदरात घ्या."

पोरगी पदरात घ्या. हे खानावळवाला म्हणत नाही. हे जगात एकाच वेळी म्हणतात, आणि कुठल्या वेळी ते अक्षरशत्रूलाही कळतं. तोरण, रांगोळी, नवं लुगडं, खाली मान. एक एक गोष्ट माझ्या पोटात हुग्गीवर येऊन बसली.

तेवढ्यात बाहेरून एक जण पळत आला. "मामा आले."

"मामा तर हितं बसल्यात," मालक म्हणाला.

"मग दारात हायत त्ये कोन?"

दारात एक बारकासा माणूस उभा होता. काखेत छत्री, घामानं चिंब, मिशी माझ्या निम्म्यानंसुद्धा नाही. मागं मुलाचा बाप आणि चार माणसं. त्यानं माझ्याकडं बघितलं, खरकट्या ताटाकडं बघितलं.

"तुमी कोन?"

मी खरं ते सांगितलं. "गिऱ्हाईक."

पोरगी दाखवायच्या घरात हा शब्द काढू नये. घरातली चार माणसं बाह्या सावरत उठली. मालकाच्या भावानं माझं मानगूट धरलंच. मग मी होतं तसं सगळं सांगून टाकलं. नामा, लिंबाचं झाड, खानावळ, पोरीला मोलकरीण समजलो ते, तिच्या आईलाही समजलो ते. सांगताना मालकाकडं बघायचं धाडस झालं नाही. बिचारा भिंतीला टेकून बसला होता. मामाच्या आधी दुसऱ्याच मामाला जेवू घातलं, हा अपमान झाला म्हणून खरा मामा आता उठून जाणार, आणि मालकाची पोरगी माझ्यापायी घरात राहणार.

मामानं छत्री कोपऱ्यात ठेवली आणि तो पाटावर बसला.

"ह्यांनी काय काय मागितलं म्हणाला?"

भावानं माझं मानगूट न सोडता सगळं सांगितलं. चार लुगडी, दिवाळसण, पायतान, आईला लुगडी.

"आन् पोरीच्या आईला लुगडी?"

"व्हय. दोन."

मामानं मुलाच्या बापाकडं बघितलं. "दाजी, आपन नारळ आन् पोरगी मागायला आलो व्हतो. आपल्या नावावर एवढं मागून ह्या बाबानं आपली पार अब्रू घालवली की. सोडा त्याला. आन् मला वाढा, उनानं जीव चाललाय."

भावानं मानगूट सोडलं. मामाला ताट वाढलं. त्यानं आमटीचा भुरका मारला आणि डोळे मिटून घेतले. माझ्या तक्रारीनंतर आत तिघी बायकांनी वेगवेगळं मीठ घातलं होतं.

मालकानं हात जोडले. मामानं हळूहळू एक तांब्या पाणी संपवलं आणि माझ्याकडं बघत म्हणाला, "पाव्हनं, आता तुमीच सांगा, हिला मीठ कसं हाय?"

आधी आत पोरगी हसली, मग तिची आई, आणि मग मालक रडता रडता हसला. सुपारी फुटली. नुसत्या नारळावर. मला मात्र चंची उघडू दिली नाही.

संध्याकाळी भोंगा झाल्यावर नामा भेटला. "जेवलास का खानावळीत?"

"जेवलो."

"कसं व्हतं?"

"घरच्यासारखं," मी म्हणालो आणि गाडी धरली.

गावात मी ह्यातलं चकार शब्द बोललो नाही. पण पंधरा दिवसांनी करमाळ्याकडचा एक माणूस अक्षता घेऊन दारात उभा. मामाचा निरोप होता, धाकट्या मामांनी लग्नाला यायचंच. धाकटे मामा कोण म्हणून सगळी आळी गोळा झाली. मग सांगावं लागलं. शेजारचा गणपा कुंपणाला टेकून शेवटपर्यंत ऐकत होता. एकदाही हसला नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "बरं झालं तात्या, खरी खानावळ गावली न्हाय तुमाला. तितं जेवून उटताना मालकाला म्हणाला असता, पोरगी पसंत हाय."