साईटवरचा दुखवटा

बायको गेल्यावर मी बोलायचंच सोडलं होतं. तेलगावच्या माझ्या किराणा दुकानात गिऱ्हाइकाला सामान द्यायचं, तेवढंच. तेव्हा लेकीनं हे काम माझ्या गळ्यात घातलं. ती अंबाजोगाईला कॉम्प्युटर शिकवायची. जिल्ह्यातल्या किराणावाल्यांनी एकमेकांशी लिहून बोलावं म्हणून तिनं एक लहानशी साईट काढली होती. माणसं यायची, एकदा लिहायची आन् गायब व्हायची.

"अप्पा, नवा माणूस टिकला न्हाई तर हे बंद करावं लागंल," ती म्हणाली. "तुमी फक्त त्याच्याशी बोला."

माझी शाळा चौथीपर्यंत. एका बोटानं टाइप करायचो. पण दुकानात आलेल्याला कसं धरून ठेवायचं ते मला ठाऊक होतं. नवा आला की लिहायचो, "या, बसा. गाव कोणतं? तुमच्याकडं तुरीला काय भाव?" भाव विचारला की व्यापारी गप्प राहत नाही. एकानं तर चिडून लिहिलं, "तुमच्या तेलगावात तुरीला सोनं लागलंय का बे?" तो टिकला.

मग कड्याहून एक जण आला. त्याची पहिलीच ओळ होती, "परवा घरची वारली. गावात आमी नवे, आपलं असं कोणी न्हाई."

दुखवट्याच्या घरी आमच्यात कोणी 'या' म्हणत नाही, आन् निघताना 'येतो' म्हणत नाही. जायचं, गप बसायचं, उठायचं. माझी गेली तेव्हा ओसरी भरलेली असायची आन् कोणी चकार शब्द काढत नव्हतं. त्या बसण्यानंच मी तगलो. म्हणून मी साईटवरच्या जुन्या सगळ्यांना फोन करून सांगितलं. त्याचं पान उघडा, जरा वेळ थांबा, लिहू मात्र काही नका.

सगळ्यांनी ऐकलं. पान कोणी उघडलं ते फक्त मला आन् लेकीला दिसायचं. रोज माणसं येऊन जात होती. मला लई बरं वाटलं.

"अप्पा, काहीतरी लिहा त्याला," लेक म्हणाली.

"तुला रीत कळत न्हाई. गप बस."

आठव्या दिवशी त्यानं साईटवरून नाव काढून घेतलं. लेकीनं मला बोल लावला नाही, तेच जास्त लागलं.

मी एसटीनं कड्याला गेलो. कारखान्याच्या रस्त्यावर त्याचं दुकान सापडलं. तो एकटाच गुळाची ढेप फोडत होता. मी कोण ते सांगितलं.

"कावून आलात?"

"तुमच्याकडं रोज सगळे येऊन जात होते. मीच म्हणालतो, बोलू नका. रीत हाय आपली. माझी गेली तवा मीबी तसल्या बसण्यानंच तगलो."

त्यानं ढेप बाजूला सारली. "तुमची गेली तवा कोण आलतं?"

"सगळं गाव."

"तुमाला माणसं दिसत होती. मी आठ दिवस कोरं पान बघत होतो."

"चुकलं माझं," म्हणालो. मग दुखवट्यात म्हणू नये ते म्हणालो, "परत या."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तो उठला आन् तेल मापायला लागला. मी बराच वेळ तिथं थांबलो. त्यानं वळून पाहिलं नाही.

तो साईटवर परत आला नाही.