घरोघरी हरितगृह वायू!

हरितगृह वायू म्हणजे झाडांनी सोडलेली शुद्ध हवा, अशी चाळिशीत माझी ठाम समजूत होती. नावातच ‘हरित’ आणि ‘गृह’, मग शंका कशाला घ्यायची? हडपसरच्या महिला मंडळात जागतिक तापमानवाढीवर बोलायला मी हिरवीगार साडी नेसून गेले आणि हात उंचावून गरजले, “भगिनींनो, घरोघरी हरितगृह वायू वाढवा!” टाळ्या पडल्या. मी चक्क लाजले!

गुलाबांची शेती करणाऱ्या एक बाई तेवढ्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. दुसऱ्या दिवशी मी हेच भाषण विश्रांतवाडीला ठोकणार आहे, हे कळताच त्यांनी मला भर दुपारी आपल्या प्लॅस्टिकच्या हरितगृहात नेऊन उभं केलं. पाच मिनिटांत माझी पावडर आणि विद्वत्ता दोन्ही घामात वाहून गेली. मी धापा टाकत बाहेर पळाले. बाजूचा प्लॅस्टिकचा कागद वर गुंडाळत बाई म्हणाल्या, “आमचा कागद गुंडाळला की गरमी भायेर जाती. तुमच्या त्या वायूंनी आभाळाला कागद लावलाय, त्यो कोन गुंडाळनार? उद्या धूर कमी करा म्हनावं बायकांना. अन् तुमीबी रिक्षा सोडून बसनं जावा!”