काळ्या पँटला जांभळा दोरा

आपल्या रस्त्याची पुस्तिका निघते आहे, तिच्यात आखूडमावशींवर तुम्हीच लिहा, असं दुकानदार संघाच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. एक तर मला लिहायची सवय नाही. दुसरं म्हणजे चौतीस वर्षं रोज चार-पाचदा भेट होऊनही त्या बाईंबद्दल मला फार कमी माहीत आहे. त्यांचं घर मी पाहिलेलं नाही. यजमान कधी गेले, हे कधी विचारलं नाही. त्यांना कुठल्या साली कुठल्या रंगाचा दोरा लागायचा, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकतो.

"मग तेवढंच लिहा," आमची ही म्हणाली. "नाहीतरी त्यापलीकडे तुम्ही कुणाशी काय बोललायत?"

माझं दोरे-बटणांचं दुकान. समोरच्या दुकानाच्या जिन्याखाली बाईंचं शिलाई मशीन. तिथे मशीन, बाई आणि एक स्टूल एवढंच मावायचं. दोऱ्यांचा साठा ठेवायला जागाच नव्हती. म्हणून एकेका कपड्यासाठी त्या कापडाची चिंधी हातात धरून रस्ता ओलांडायच्या, माझ्या ट्रेमधल्या रिळांशी ताडून पाहायच्या आणि एक उचलायच्या. मी कागदात बांधून द्यायचो. त्यांचा खण म्हणजे माझं दुकान.

आम्ही दोघं इथे आलो तेव्हा हा रस्ता छत्र्या, बादल्या आणि शाळेच्या गणवेशांचा होता. बाईंना लागायचा राखाडी दोरा, नाहीतर पांढरा. मग टोकाला कॉलेज उघडलं आणि छत्रीवाल्याने कुठूनतरी जीन्सचे गठ्ठे आणून दारावर टांगले. कुठल्याशा लांबटांग्या लोकांसाठी शिवलेल्या त्या जीन्स आपल्या पोरांना वीतभर मोठ्या व्हायच्या. पोरं जिन्याखाली रांग लावू लागली. "यात आधी तुझा पाय तरी शोधू दे," असं म्हणत बाई त्या आखूड करून द्यायच्या, आणि तिथून त्या आखूडमावशी झाल्या. छत्रीवाला छत्र्या विसरला. पाच वर्षांत बादल्याही गेल्या. माझ्याकडचा जाड, पिवळट तपकिरी दोरा आठवड्याला संपू लागला.

पुढे पँटांचे घोळ इतके वाढले की एका पायात संसार थाटावा. ते ओसरले आणि एकदम चिंचोळ्या नळ्या आल्या. "तू यात शिरतोस कसा रे? आणि निघतोस कसा?" बाई विचारायच्या. सगळ्यात कहर झाला तो एक पोरगा नवी कोरी पँट गुडघ्यावर फाडून मागायला आला तेव्हा.

"मावशी, दोन्हीकडे फाडा. पण छान फाडा."

"जन्मभर जोडत आले, आता तोडायला लावतोस होय? जा, कुंपणावर चढ. फुकटात फाटेल, आणि छानही फाटेल."

दुसऱ्या दिवशी तो खरंच खरचटलेला गुडघा घेऊन आला. बाईंनी मुकाट्याने दुसरा गुडघा कात्रीने करून दिला.

आता जे सांगायचं ते सांगतो. एके दिवशी बाईंनी काळी चिंधी आणली आणि ट्रेमधून गर्द निळं रीळ उचललं. "हा द्या," म्हणाल्या. मला वाटलं माझीच नजर चुकतेय. मी आत जाऊन, दिव्याखाली धरून पाहिलं. निळंच होतं. बोलायचं माझ्या जिवावर आलं. मी काळं रीळ कागदात बांधलं आणि दिलं.

आठवड्याने पुन्हा तेच. मग वरचेवर. काळ्याला निळा, निळ्याला तपकिरी. दर वेळी मी गुपचूप बदलून द्यायचो. आठ महिने. जिन्याखालची जागा हातची गेली तर बाईंना दुसरा आधार नव्हता, आणि रस्त्यावर एकदा बोभाटा झाला की गिऱ्हाईक थांबत नाही. आपण झाकतोय तोवर ठीक आहे, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं कारण मात्र एवढंच, की मला तोंड उघडायची भीती वाटत होती.

मग माझी दाढ काढली आणि दोन दिवस मुलगा दुकानात बसला. त्याला काय माहीत? बाईंनी जांभळ्या रिळावर बोट ठेवलं, त्याने जांभळं बांधून दिलं. तिसऱ्या दिवशी मी सुजलेला गाल घेऊन दुकान उघडलं, तर समोर जिन्याखाली एक मुलगी तावातावाने बोलत होती. तिच्या हातात काळी पँट, आणि तळाशी जांभळी टीप.

"मावशी, हे काय? उद्या नोकरीचा पहिला दिवस आहे माझा!"

"मुद्दाम घातलाय. हल्ली असंच चालतं."

"मग या आणि आमच्या साहेबांना सांगा!"

बाजूचा चपलांचा दुकानदार हसला. "मावशी, चष्म्याला काच आहे ना? की नुसतीच फ्रेम?"

बाईंनी पँट हिसकावून घेतली आणि टीप उसवायला बसल्या. टीप त्यांना दिसेना. कात्रीचं पातं कापडात घुसलं. मुलीने हळूच पँट त्यांच्या हातातून काढून घेतली आणि आपली आपण उसवू लागली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाई तरातरा रस्ता ओलांडून आल्या आणि ते रीळ गल्ल्यावर आपटलं. "तुमच्या मुलाने चुकीचा दोरा दिला."

"बाबा, त्यांनीच बोट दाखवलं होतं," मुलगा मागून म्हणाला.

गप्प बसलो असतो तर दोष मुलावर गेला असता आणि बाईंची लाज राहिली असती. पण पुढच्या वेळी काय?

"बाई," मी म्हणालो, "चूक तुमची झाली. आठ महिने होतेय. मी बदलून देत होतो."

त्या गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसल्या.

"माझ्या आईचे डोळे साठीत गेले. काहीच करता आलं नाही. मला साठ झाली. मी रोज घरी जाऊन स्वतःला सांगायचे, आज बरोबर दोरा निवडलास, अजून शाबूत आहेत. आणि निवडत होतात तुम्ही!"

जमीन दुभंगेल तर बरं, असं मला वाटलं. मी मदत म्हणून जे केलं होतं, त्याने त्यांना दवाखान्यापासून आठ महिने लांब ठेवलं होतं. काळा दोरा मी स्वतः नेऊन त्या मुलीला दिला. पँट तेवढी नीट करून द्यायला बाजूच्या शिंप्याला गळ घातली. संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. "दाढ काढली तशी जीभही काढून ठेवली होतीत का?" असं म्हणून ती सकाळीच बाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

पुढचं तिच्याकडून ऐकलेलं. डॉक्टरीण तपासून म्हणाली, "मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. काढून टाकू."

"नीट बघा," बाई म्हणाल्या. "आईचे डोळे गेले होते माझ्या."

तिने पुन्हा बघितलं. यंत्राने बघितलं, थेंब टाकून बघितलं. "आजी, मागचा पडदा ठणठणीत आहे. निव्वळ मोतीबिंदू." दवाखान्याच्या पायऱ्यांवर बाईंना जे हसू फुटलं ते थांबेना. हिला वाटलं, रडतायत.

महिन्याच्या अंतराने दोन्ही डोळे झाले. मी मनात धरून होतो की त्या आता माझ्याकडे यायच्या नाहीत. दोरे काय, पलीकडच्या चौकातही मिळतात. पण पट्टी निघाल्यावर पहिल्याच दिवशी त्या आल्या. ट्रेसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. जांभळं रीळ उचललं.

"अगं बाई, एवढा भडक? हा मी काळ्या पँटला घातला?" मग मान वर करून माझ्याकडे निरखून पाहिलं. "आणि तुम्ही केवढे म्हातारे झालात हो!"

मला इतकं हलकं वाटलं की मी चहा मागवला. गिऱ्हाइकाला चहा मी कधी पाजत नाही.

त्यानंतर बाईंनी आणखी सहा वर्षं जिन्याखाली काम केलं. ढगळ पँटा पुन्हा आल्या, घोळ पुन्हा वाढले. रीळ त्या स्वतःच निवडायच्या आणि कागदात बांधलं की उघडून एकदा बघायच्या. त्याचं मला वाईट वाटलं नाही. गेल्या साली, बहिणीकडे गेल्या असताना, झोपेतच गेल्या. निघण्याआधी मशीनवर कापड झाकून त्या माझ्या दुकानाशी थांबल्या होत्या.

"सोमवारी येतेय. पांढऱ्याची चार रिळं काढून ठेवा."

"ठेवतो."

"आणि वरचे खण जरा पुसून घ्या. केवढी धूळ! दिसतं मला."

"पुसतो, बाई," मी म्हणालो.