कोहोजच्या माथ्यावरचा लाल ठिपका

नंदाखालमध्ये फर्डिनंडने काढलेला फोटो भिंतीवर नाही, असं घर शोधावं लागेल. त्यातली बरीच माणसं आता हयात नाहीत. शवपेटीभोवती कुटुंब उभं राहतं, त्या शेवटच्या फोटोसाठी तीस वर्षं त्यालाच बोलावणं येतं. रडणाऱ्या माणसांना "जरा इकडे बघा" किती हळू म्हणायचं, हे त्याला नेमकं कळतं.

पण लोकांच्या भिंतीवर त्याला आपला डोंगर हवा होता.

त्यासाठी एकच जागा होती, गावच्या पतपेढीचं कॅलेंडर. आगाशीपासून वटारपर्यंत ते घरोघर लागतं आणि वर्षभर उतरत नाही. यंदा त्यावर कोहोज किल्ल्याचा फोटो घ्यायचं ठरलं, तेव्हा फर्डिनंडला वाटलं, हे आपल्यासाठीच ठरलं आहे. तो एकवीस वेळा कोहोज चढला होता. शनिवारी संध्याकाळची चर्चमधली मिस्सा झाली की रविवारची पहाट त्याची. निसरडं गवत, भिंगावर धरणारं बाष्प, मग दोन-दोन तास नुसतं बसणं. कुणी ट्रेकर चौकटीत आला तर तो जाईपर्यंत फर्डिनंड बटण दाबत नसे. माणसं आठवडाभर पुरेशी होत.

बाविसाव्या खेपेला हरिश्चंद्र बरोबर होता. वटारचा, केळीच्या वाडीचा मालक, बँकेतून निवृत्त झालेला. मुलाने, प्रितेशने, कॅनडाहून कॅमेरा पाठवला म्हणून दोन वर्षांपूर्वी फोटो काढायला लागला. शिकवलं फर्डिनंडनेच. एकदा तो कॅमेरा त्याने हातात घेतला होता. इतका हलका होता की लगेच परत दिला. हरिश्चंद्रचे गुडघे दुखत नसत. त्याला काही सुचलं की तो मोठ्याने सांगे, आणि ते बरोबर असे. फर्डिनंडला हे सगळं मोजायची सवय लागली होती.

सप्टेंबरातला तो रविवार. माचीवरच्या पाण्याच्या टाक्यांपाशी दोघे पोचले तेव्हा अंधार विरत होता. ढग खालून वर सरकत होते. फर्डिनंडने ओळखलं, आज माथ्यावरून ढगांचा समुद्र दिसणार.

"वर जाऊ या?" हरिश्चंद्रने विचारलं.

"तू इथेच थांब."

"का रे?"

"वर काही नाही आज. उजेड इथेच येईल."

"मग तू कशाला चाललास?"

"मला सवय आहे."

हरिश्चंद्र हसला. "जा बाबा. घसरलास तर रिटावहिनी मला विचारेल." त्याने टाक्याच्या काठावर रुमाल अंथरला. गुरूने सांगितलं म्हणजे झालं, असा त्याचा चेहरा. तो चेहरा पाठीमागे ठेवून फर्डिनंड चढला.

माथ्यावर सुळक्याशेजारी तो पूर्वेकडे तोंड करून दोन तास उभा राहिला. समोर फक्त पांढरं होतं. ढग खाली थांबलेच नाहीत, त्याच्यावर येऊन बसले. बनियनच्या फडक्याने त्याने भिंग चाळीसदा पुसलं. पाठीमागे केव्हा काय उघडलं, ते त्याने पाहिलं नाही.

हरिश्चंद्रने पाहिलं. खालून, अर्ध्या मिनिटासाठी, ढग फाटून काळा सुळका उभा राहिला. त्याच्याशेजारी लाल रेनकोटातला, पाठमोरा, नखाएवढा फर्डिनंड.

हरिश्चंद्रने ते टिपलं आणि तोच फोटो पतपेढीला दिला. फर्डिनंडने जुन्या एकवीस खेपांतला सगळ्यात चांगला फोटो दिला. पतपेढीच्या अध्यक्ष कृष्णाबाई दोन्ही फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिल्या. "तुझा छान आहे रे," त्या म्हणाल्या, "पण ह्याच्यात माणूस आहे. डोंगर केवढा ते कळतं."

डिसेंबरात हरिश्चंद्र कॅलेंडर घेऊन फर्डिनंडच्या स्टुडिओत आला, सोबत केळ्यांची फणी. फोटोखाली हरिश्चंद्रचं नाव होतं. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ: जागा दाखवणारे, फर्डिनंड.

"ती ओळ मी भांडून घातली," हरिश्चंद्र म्हणाला. "तू वर नेलं असतंस तर मला पण धुकंच मिळालं असतं. तुला कसं रे कळलं?"

फर्डिनंडला खरं सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही. पण खरं सांगितल्यावर हरिश्चंद्र आधी दुखावला असता आणि मग त्याने माफ केलं असतं. तेवढं त्याला झेपलं नसतं.

"अंदाज," तो म्हणाला.

आतून रिटा खिळा आणि हातोडी घेऊन आली. कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावर बसलं की नेमकी नजर जाईल, अशा जागी तिने कॅलेंडर लावलं.

दुसऱ्या दिवशी गावातली शर्ली पासपोर्टचा फोटो काढायला आली. स्टुलावर बसून ती भिंतीकडे बघत राहिली.

"अंकल, तो वर उभा आहे तो कोण?"

"असेल कुणी," फर्डिनंड म्हणाला. "हनुवटी वर घे. इकडे बघ."