छत्तीसात चार

माझ्या आत्याच्या स्टुडिओतल्या निगेटिव्हची पोती तिच्या दिरानं पेनगंगेत टाकली. आत्या तेव्हा आदिलाबादला माझ्या घरी होती. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यावर पट्टी होती. जैनथहून आलेल्या ऑटोवाल्यानं दारात उभं राहून सांगितलं. आत्यानं मला त्याला पाणी द्यायला लावलं. त्या दिवसानंतर तिनं कॅमेरा हातात घेतला नाही.

जैनथ आणि आसपासच्या गावांत तिला सगळे फोटोआत्या म्हणत. तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. आमचे आतोबा फोटोग्राफर होते. ते गेले तेव्हा लोकांना वाटलं, आता स्टुडिओला कुलूप लागणार. पण डार्करूममधलं सगळं काम आधीपासून आत्याच करायची. तेरवी झाली, आणि पुढच्या सोमवारी तिनं शटर वर केलं. मराठी गिऱ्हाइकाला 'हालू नका', तेलुगू गिऱ्हाइकाला तेच, 'कदलकंडी', एवढ्या दोन शब्दांवर तिचा धंदा चालायचा. बायकांना तर ती हवीच होती. बाळंतीण असो, नवी नवरी असो, परक्या पुरुषापुढे हनुवटी वर करून बसण्याचा संकोच तिथं नव्हता.

फोटोची तारीफ तिच्या तोंडून कुणी ऐकली नाही. छत्तीस फोटोंचा धुतलेला रोल ती खिडकीच्या उजेडात धरायची. निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे दिसतात आणि गोरा माणूस काळा. मला त्यात कुणीच ओळखू यायचं नाही. ती मात्र बाजारात वांगी निवडावीत तशी पट्टीवरून नजर फिरवायची आणि म्हणायची, "छत्तीसात चार. बाकी कचरा." एखाद्या रोलला पाच. एकदा एका लग्नाच्या रोलला तिनं 'एकबी नाई' म्हटलं आणि नवरदेवाच्या बापाला अल्बम देताना तेही सांगून टाकलं. तो म्हणाला, "बाई, माह्या पोराचं लगन हाय, अन् तुमी एकबी नाई म्हनता?" आत्या म्हणाली, "पोरगं साऱ्या लगनात घड्याळ पाहून राह्यलं, त्याले मी काय करू?" चांगल्या चौकटी ती कापून कागदी पाकिटात घालायची आणि पत्र्याच्या डब्यातून घरी न्यायची. उरलेल्या दुकानातल्या पोत्यांत जायच्या.

आमच्याकडे म्हातारी माणसं आपल्या तेरवीचा फोटो जिवंतपणीच काढून ठेवत. कापूस विकला गेला की धुतलेलं धोतर नेसून, लेकाला किंवा जावयाला सोबत घेऊन यायची. स्टुलावर बसली की त्यांचा श्वासच बंद व्हायचा. आत्या एक-दोनदा बटण दाबायची आणि म्हणायची, "झालं बुवा, उठा." म्हातारा सुटकेचा श्वास टाकायचा, वाकून चपला शोधायचा, जावयाला काहीतरी विचारायला मान वळवायचा. तेवढ्यात ती खरा फोटो काढून घ्यायची. "माणूस उठते तवा माणूस दिसते," असं ती म्हणायची. एका म्हाताऱ्यानं प्रिंट पाहून तक्रार केली होती.

"बाई, ह्याच्यात त मी हासून राह्यलो. माह्या तेरवीले लोक काय म्हनतीन?"

"मंग काय रडताना दाखवू? रडाचं काम पोराइचं हाय."

तो फोटो त्यानं नेला. पुढे तो त्याच्या तेरवीला लागला तेव्हा मी आत्याबरोबर गेले होते. लोक फोटोपुढे फुलं टाकत होते आणि हसत होते.

भीमपूरहून एक बाई आली, तेव्हापासून आत्यानं 'कचरा' हा शब्द सोडला. त्या बाईची मुलगी तापानं गेली होती. मुलीचा फोटो कधी काढलाच नव्हता. पण शेजारच्या लग्नात आत्या आली होती आणि मुलगी तिच्या मागे मागे फिरत होती, एवढं त्या बाईला आठवत होतं. "कुठं कोपऱ्यात आली असन त पाहा ना बाई." आत्यानं पोती जमिनीवर ओतली. उन्हाळ्याची सुट्टी होती, मीही बसले. एक-एक पट्टी उजेडात धरायची आणि बाजूला ठेवायची. दोन दिवस आत्या जेवायलाही उठली नाही. शेवटी पंगतीच्या एका वाया गेलेल्या चौकटीत, वाढप्याच्या हातामागे, जिलबी तोंडात घातलेली एक मुलगी सापडली. चेहरा थोडा हललेला होता. आत्यानं तेवढाच भाग मोठा केला. त्या बाईनं फोटो पाहिला, पदरात गुंडाळला आणि बस स्टँडकडे चालू लागली.

ती गेल्यावर आत्या पोती भरता भरता म्हणाली, "आज धुतला त छत्तीसात चार. धा वर्सानं पाह्यला त धा निघतीन. अन् माणूस गेला का मंग वाईट फोटूबी चांगला होते." मी पुस्तकांत वाढलेली. जपून ठेवावं असं काय, या प्रश्नावर मी नंतर बरंच वाचलं. आत्या बोलली त्याच्या पुढचं काही कुठे मिळालं नाही.

पण गावाला आठवत राहिलं ते तिचं जुनं वाक्य. दिरालाही तेच आठवलं.

दुकानाची जागा सासऱ्यांच्या नावावर होती. ते गेल्यावर दिराला तिथं कृषी केंद्र टाकायचं होतं. बियाणं, खत, फवारणीची औषधं. मोबाइल आल्यापासून स्टुडिओत गिऱ्हाईक उरलं नव्हतं, हे खरं आहे. त्यानं मागितली असती तर आत्यानं जागा दिलीही असती. त्यानं मागितलं नाही. तिच्या डोळ्याला पट्टी बांधली जाईपर्यंत तो थांबला, ट्रॅक्टर आणला, पोती भरली आणि पुलावरून खाली सोडली. मी हे शब्द विचार करून लिहिते आहे. तो थांबला होता.

मी आत्याला घेऊन परतले तेव्हा दुकानाला नवा रंग लागत होता. दीर रंगाऱ्याजवळ उभा होता.

"वहिनी, वास मारत होता. उंदरं झाले होते."

आत्यानं भिंतीच्या ओल्या रंगाला बोट लावलं.

"अन् तुमीच त म्हनत होत्या, छत्तीसात चार, बाकी कचरा. चार त तुमच्या घरीच हायेत. मी काय नेलं तुमचं?"

तो हे खोडसाळपणे म्हणाला नाही. त्याला ते पटलेलं होतं, आणि तेच मला जास्त असह्य झालं. मी नदीवर गेले. काठच्या बेशरमीच्या झुडपांना फिल्मच्या पट्ट्या अडकल्या होत्या. पोरं त्या डोळ्यांपुढे धरून सूर्य बघत होती. मी हाताला लागल्या तेवढ्या गोळा केल्या आणि घरी आणून धुतल्या. चिखलाबरोबर चेहरेही निघून गेले. हातात नुसती प्लास्टिकची पारदर्शक पट्टी राहिली. आत्यानं ती चाचपली. डोळ्यावरचं बँडेज अजून सुटलं नव्हतं, तरी तिला कळलं.

आत्या भांडेल, पंच बसवेल, असं मला वाटलं होतं. तिनं तसलं काही केलं नाही. दुकानामागच्या खोलीत ती राहत होती, तिथंच राहिली. रोज सकाळी कृषी केंद्राच्या पायरीवर येऊन बसायची. बियाण्याला येणारे शेतकरी तिला ओळखायचेच. कुणीतरी विचारायचं, "फोटोआत्या, आमच्या बुड्याचा एखादा फोटू हाय का वं तुमच्याजवळ?" आणि आत्या काउंटरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "होता बापा. आता पेनगंगेत हाय. हे बसले ना आतमंदी, यायले इचार." शेतकरी आत बघायचा. दीर बियाण्याच्या पिशव्या उगाच सरळ करायचा.

"वहिनी, ऊन हाय, आत बसा ना," तो म्हणायचा.

"मले ऊन लागत नाई."

पेरणीच्या दिवसांत तर ती दिवसभर उठत नसे. कित्येक लोक पायरीवरूनच परत फिरले आणि बियाणं आदिलाबादहून नेऊ लागले. मी सुट्टीत गेले की तिच्याशेजारी पुस्तक घेऊन बसायची. एकदा मी तिला विचारलं, हे किती दिवस चालवणार? ती म्हणाली, "तू वाच वं तुयं."

मग तिची सासू गेली. दीर आमच्या खोलीशी आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी तिथंच होते.

"वहिनी, आईचा तेरवीचा फोटू पाह्यजे. फ्लेक्स कराचा हाय."

"मोबाइलात असन ना."

"मोबाइलात दवाखान्यातले हायेत. नाकात नळी हाय."

आत्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं तिला आता लांबचंही स्वच्छ दिसायचं.

"तुया आईचा फोटू पेनगंगेत हाय. पानी कमी हाय सध्या. जा, काढ."

तेरवीला मंडपाच्या दाराशी मोठा फ्लेक्स लागला. मतदान ओळखपत्रावरचा फोटो ताणून केलेला. डोळे घाबरलेले, तोंड अर्धं उघडं, गालांचे चौकोन झालेले. सासूची धाकटी बहीण बोथहून आली होती. तिनं फ्लेक्सपुढे उभं राहून मोठ्यानं विचारलं, "हा कोनाचा फोटू लावला रे पोरा?" मंडपातले लोक खाली बघू लागले.

आणि मागच्या खोलीत आत्यानं पाटावर तिचा खरा फोटो मांडला होता. तो पत्र्याच्या डब्यातला होता. म्हातारी तेरवीच्या फोटोला कधी बसायला तयारच होत नव्हती. "मले मारून टाकाची घाई झाली का वं तुले?" म्हणायची. म्हणून आत्यानं ती अंगणात ज्वारी निवडत असताना एक अख्खा रोल तिच्यावर खर्च केला होता आणि त्यातला एक ठेवला होता. म्हातारी सूप थांबवून कुणाला तरी शिवी देते आहे आणि स्वतःच्याच शिवीवर हसते आहे. बायकांना कुणी सांगितलं कोण जाणे. मंडपातून एकेक उठून मागे येऊ लागली. पंगत बसायच्या वेळेला आमच्या दारापुढे चपलांचा ढीग झाला होता.

शेवटी दीर आला. त्यानं आईला पाहिलं. "वहिनी, हा..." एवढंच बोलला.

"चपला भाईर काढ," आत्या म्हणाली. "दर्शन घे. नेता येनार नाई."

त्यानं दर्शन घेतलं आणि गेला. लोक म्हणतात, सूड घेऊन माणसाला समाधान मिळत नाही. आत्यानं त्या दिवशी दोन वाट्या खीर खाल्ली.

गेल्या वर्षी आत्या गेली. मी डबा उघडला आणि पाकिटं एकेक करून खिडकीशी धरली. अख्खं जैनथ मंडल, म्हणजे सारा तालुकाच, त्यात होता. हसणारे म्हातारे, चपला शोधणारे, मान वळवलेले. आत्या कुठेच नव्हती. ती सारं आयुष्य कॅमेऱ्याच्या मागे होती. तिचे फोटो काढणारे एकटे आतोबा होते, आणि त्यांचे रोल पोत्यांत होते. त्यांनी काढलेले स्वतःचे सगळे फोटो ती 'छत्तीसात एकबी नाई' म्हणून पोत्यात टाकायची आणि लाजायची. माझ्या मोबाइलात तिचा तळहात आहे, लेन्सपुढे आडवा धरलेला. मतदान कार्डावरचा फोटो मोठा करायला मी नकार दिला. तिच्या तेरवीला पाटावर दिवा होता आणि त्यामागे भिंत होती.

दीर तेव्हा आला होता. त्या भिंतीकडे पाहून गेला. काही महिन्यांनी तो आदिलाबादला माझ्या घरी आला. आता तोही म्हातारा झाला आहे.

"ताई, आता वहिनीबी गेल्या. राग कोनासंग ठेवता? मले आईचा फोटू द्या."

मी म्हणाले, "आत्याचा आणा आणि आईचा न्या."

"कुठून आनू?"

"गावोगाव आतोबांच्या वेळचे अल्बम आहेत. कुठंतरी कोपऱ्यात आली असेल. पाहा."

मला वाटलं, तो चिडून जाईल. तो गेला आणि खरोखर शोधायला लागला. भीमपूर, बोथ, नदीपलीकडची गावं. कृषी केंद्र मुलावर सोडून बसनं, ऑटोनं फिरतो. लोकांच्या दारात बसून त्यांचे लग्नाचे अल्बम मागतो. लोक विचारतात, कोणाला शोधता? मग त्याला सांगावं लागतं. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा फोटो रुमालात गुंडाळून माझ्याकडे आणतो. मी तो खिडकीशी नेते, पाहते आणि परत देते. "ही ती नव्हे." चहा देते. तो पितो आणि स्टँडवर जातो.

मागच्या खेपेला आणलेल्या फोटोत, हळदीच्या गर्दीत, कडेला एक कोपर होतं आणि पदर होता. पदर तिचाच होता. दीर माझ्या तोंडाकडे बघत होता.

"चेहरा नाही," मी म्हणाले, आणि फोटो परत केला.

त्यानं तो रुमालात गुंडाळला. "भीमपूरकडं अजून दोन घरं राह्यली," म्हणाला.

त्याच्या आईचा फोटो माझ्याकडे आहे. आत्याचा एकही नाही.