फाट्यावर पाणी मागायचं नाही

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाहीत. हायवेच्या फाट्यावर चहाचं हॉटेल टाकलं की ते स्वतःच येऊन आदळतात. कधी दोन चाकांवर, कधी चार, तर कधी दहा!

आमचं हॉटेल मूर्तिजापूरहून अकोल्याकडे जाताना लागतं. हॉटेल म्हणजे काय, टिनाचं शेड, दोन बाकं आणि सकाळचे आलुबोंडे. मी, आमचे हे आणि सासूबाई मिळून चालवतो. शेजारी रफीकभाईचं पंक्चरचं दुकान आहे. समोरचं वळण असं बेकार, की गाडी दिसते तेव्हा ती अंगावरच आलेली असते.

आमची गुड्डी तिसरीत आहे. बंडूभाऊच्या स्कूलव्हॅनमधून ती रोज याच वळणावरून शाळेत जाते. त्यामुळे 'धाड' आवाज आला की सगळे रस्त्याकडे पाहतात, मी घड्याळाकडे पाहते. व्हॅनची वेळ नसली की मगच माझे पाय हलतात. हे माझ्यावर हसतात. हसू द्या!

* * *

एकदा एक पोरगा मोटारसायकलवरून घसरला तो सरळ बेशुद्धच. हेल्मेट होतं, पण हँडलला लटकवलेलं!

क्षणात गर्दी झाली. एक जण म्हणाला, "मिरगी आली याले!" आणि पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली. दुसऱ्याने माझ्याच टोपलीतला कांदा उचलला, बुक्कीने फोडला आणि दुसऱ्या बाजूने लावला. तेवढ्यात सासूबाई तांब्या घेऊन धावल्या आणि त्यांनी त्याच्या तोंडात पाणी ओतलं.

मायबाई! ते पाणी नाकातून बाहेर आलं. पोरगा घर्रघर्र करायला लागला, तोंड काळंनिळं पडलं. रफीकभाईने पटकन त्याला कुशीवर वळवलं म्हणून बरं. हळूहळू त्याने डोळे उघडले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. आता हा आईचं नाव घेणार, देवाचं घेणार!

तो म्हणाला, "हे चप्पल कोनाची हाय? फेका बावा तिकडं!"

सगळे हसले. मग अ‍ॅम्ब्युलन्सवाल्या डॉक्टर मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "बेशुद्ध माणसाला पाणी पाजलं की ते श्वासनळीत जातं. माणूस मरू शकतो!" तिथेच सगळ्यांचं हसू विरलं. सासूबाई मात्र हटल्या नाहीत.

"मरत्या मानसाले पानी नाही पाजाव, तं काय पाजाव?"

त्या दिवशी मी कितीतरी चहात साखर टाकायची विसरले. गिऱ्हाइकंही तशीच प्यायली.

* * *

आमच्याकडे गाडी बंद पडली की तिच्या मागे रस्त्यावर गोटे मांडतात, बाभळीच्या फांद्या टाकतात. येणाऱ्याला लांबून दिसावं म्हणून. पद्धत चांगली आहे. पण गाडी निघून जाते, गोटे तिथेच राहतात!

असाच एक ट्रक दुरुस्त होऊन गेला. थोड्या वेळाने स्कूटीवर एक मास्तर आले, गोट्यावर चढले आणि पडले. हाताचं हाड गेलं. आमचे हे धावत गेले, मास्तरांना कडेला बसवलं आणि मग मोठ्या काळजीने पडलेल्या स्कूटीभोवती आणखी गोटे मांडायला लागले!

मी ओरडले, "काय करून राहिले तुमी?"

"अवं, गोटे ठेवले म्हणून तं त्याले दिसले!"

रफीकभाई शांतपणे म्हणाला, "दिसले नाही गजूभाऊ. लागले!"

तेव्हापासून गाडी हलली की गोटे उचलायचं काम मी माझ्याकडे घेतलं. व्हॅन तिथूनच जाते ना.

* * *

हा किस्सा सांगताना मला आजही कसंतरी होतं.

अमरावतीकडून संत्र्याचा पिकअप आला आणि वळणावर उलटला. रस्ताभर संत्री. ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला, पाय दबलेला, "वाचवा, वाचवा" ओरडतोय. आणि माणसं? पिशव्या, टोपल्या, एकाने तर अंगातला शर्ट काढून त्याची झोळी केली! ज्यांना मी रोज चहा देते, तीच माणसं. मी पाहतच राहिले.

ड्रायव्हर रडत म्हणाला, "भाऊ, मले काढा ना कोनी!"

एक जण वाकला, संत्रं सोललं आणि खिडकीतून फोड त्याच्या तोंडासमोर धरली.

"घे भाऊ. तुहेच हायेत!"

* * *

त्याच पिकअपचं पुढचं ऐका. संत्री वेचत नव्हते ते व्हिडिओ काढत होते. रफीकभाईनेही काढला आणि ग्रुपवर टाकला. माझी बहीण अकोल्यात जठारपेठेत राहते. तिने तो तिथे पाहिला आणि घाबरून मला फोन केला.

"सुषमा, गुड्डी त्यात नाही ना?"

"नाही व. शाळेत हाय."

"मंग अ‍ॅम्ब्युलन्स आली का?"

मी यांना विचारलं. यांनी रफीकभाईला विचारलं. रफीकभाईने शर्टाची झोळी केलेल्या माणसाला विचारलं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याने लावला असेल फोन. एवढे मोबाइल वर धरलेले, आणि एकानेही फोन केला नव्हता!

शेवटी एकशे आठला फोन कोणी लावला? बहिणीने. जठारपेठेतून!

ड्रायव्हर वाचला. पाय मात्र गेला.

* * *

डॉक्टर मॅडमना ते फार लागलं. एका दुपारी त्या आमच्या हॉटेलात आल्या आणि म्हणाल्या, "बोलवा सगळ्यांना. आज चहा नाही, शिकवणी!"

त्यांनी एकेक गोष्ट समजावून सांगितली. आधी येणाऱ्या गाड्या थांबवा, नाहीतर तुम्हीच चिरडले जाल. गाडी बंद करून चावी काढून घ्या. फोन लावा आणि कडेच्या दगडावरचा किलोमीटर सांगा, कारण 'चहाच्या हॉटेलजवळ' म्हटलं तर अशी पन्नास हॉटेलं आहेत. रक्त वाहत असेल तिथे कापड दाबून धरा. पाणी नाही. आग लागली नसेल तर माणसाला ओढाओढी नाही, मान जराही हलू द्यायची नाही.

"पोलीस आमालेच धरतीन ना पन?" यांनी विचारलं.

"मदत करणाऱ्याला नावसुद्धा सांगायची सक्ती नाही," मॅडम म्हणाल्या. "चला, आता करून दाखवू. पेशंट कोण होतं?"

झालं! सगळे एकमेकांमागे लपायला लागले. रफीकभाई म्हणाला, "मॅडम, मेरी दुकान खुली है." यांचा गुडघा दुखायला लागला. सासूबाई तर कडाडल्या, "खोटं खोटं मरनं म्हंजे खऱ्याले बोलावनं हाय!"

आणि गुड्डी जाऊन पोत्यावर आडवी झाली. डोळे मिटले, हातपाय सोडून दिले.

मॅडमनी तिचं डोकं दोन्ही कानांजवळ असं घट्ट धरलं. "पाहा, हे असं. कोणी आलं, कोणी ओरडलं, तरी सोडायचं नाही."

मला ते पाहवलंच नाही! माझी पोरगी, तीही याच वळणावर, अशी निपचित! मी धावले आणि तिला खेचून उराशी धरलं.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "वहिनी, तुम्ही पेशंटची मान मोडली!"

सगळे पोट धरून हसले. मी गुड्डीची मीठ-मोहरीने दृष्ट काढली. ती मात्र बरेच दिवस फुगून होती. "तूनं माही मान मोडली, आई."

* * *

आणि मग ती सकाळ आली.

मी आलुबोंडे तळत होते. धाड! मी घड्याळाकडे पाहिलं.

व्हॅनचीच वेळ होती.

कशी पळाले मला ठाऊक नाही. व्हॅन एका म्हशीला चुकवताना बाभळीवर जाऊन आदळली होती. रफीकभाई लाल गमछा फिरवत ट्रक थांबवत होता. हे फोनवर किलोमीटरचा आकडा सांगत होते. पोरं एकेक करून रडत बाहेर येत होती. मी प्रत्येकाचं तोंड पाहिलं. त्यात गुड्डी नव्हती.

मी आत डोकावले.

बंडूभाऊ स्टिअरिंगसमोर बसलेला, कपाळातून रक्त गळत होतं. त्याच्या मागच्या सीटवर गुड्डी गुडघ्यांवर उभी होती आणि तिने दोन्ही हातांनी त्याचं डोकं कानांजवळ घट्ट धरलं होतं.

"गुड्डे!" मी तिची कंबर धरून ओढली.

"ओढू नोको, आई! मी सोडलं तं काकाची मान हालन!"

माझे हात तिथेच सुटले.

बंडूभाऊने डोळे उघडले. "वहिनी... पानी द्या ना."

तेव्हा मला कळलं, माझ्या हातात पाण्याचा जग होता. कधी उचलला, देव जाणे! मी जग पुढे केला.

"पानी नाही भेटत, काका," गुड्डी म्हणाली.

"एक घोट, माय!"

"नाही. मॅडम येऊ द्या."

मी जग खाली ठेवला आणि पदर त्याच्या कपाळावर दाबून धरला. गुड्डीचे हात जराही हलत नव्हते.

अ‍ॅम्ब्युलन्स आली. मॅडमनी गुड्डीच्या हातांवर आपले हात ठेवले आणि म्हणाल्या, "आता सोड, बाळा." गुड्डीने सोडलं, माझ्या अंगावर पडली, आणि मग कापायला लागली. किती वेळ कापत होती! मी तिला पोटाशी धरून तिथेच मातीत बसले. व्हॅनची चावी कोणालाच सापडेना. ती संध्याकाळी गुड्डीच्या कंपासपेटीत निघाली.

काही दिवसांनी बंडूभाऊ हॉटेलात आला. गळ्यात मानेचा पट्टा, कपाळावर टाके. बाकावर बसला. सासूबाईंनी सवयीने पाण्याचा तांब्या आणून त्याच्या हातात दिला. त्याने तो तोंडापर्यंत नेला आणि थांबला.

समोर गुड्डी बुटाची लेस बांधत होती.

बंडूभाऊ तिच्याकडे पाहत राहिला. मग रफीकभाईने पाहिलं, मग यांनी, मग सासूबाईंनीही.

गुड्डीने मान वर केली, त्याचा पट्टा नीट पाहून घेतला.

"प्या," ती म्हणाली. "पन मान हलवू नोका."