खरवस कोणाचा

सातवीतून शाळा सोडून मी कोकणातून आर्वीला आलो. पोट एका गाईच्या दुधावर. ती विताना अडली तेव्हा गुरांचे सरकारी डॉक्टर रजेवर होते. दवाखान्यात रशियात गुरांची डॉक्टरकी शिकलेले एक दुसरे डॉक्टर नुसते बसून. इथल्या परीक्षेशिवाय नोंदणी नाही, आणि परीक्षा कोणी घेईना.

“साहेब, हात नका लावू, नोंदणी नाई तुमची,” कंपाउंडर म्हणाला.

“गाय इचारून राह्यली काय नोंदणी?” शेजारची म्हातारी कडाडली.

डॉक्टरांनी बाह्या सारल्या. वासरू जिवंत निघालं.

कंपाउंडरनेच वर चहाडी केली. डॉक्टरांना दवाखान्यात पाऊल टाकायची बंदी झाली. त्यांच्यासाठी केलेला खरवस घेऊन निघालो, तर हा कंपाउंडर वाटेत म्हणतो, “आमाले नाई काय?”

मी परका माणूस, उद्या गाय याच्याच दारात न्यावी लागणार. तरी म्हणालो, “नाही.”